कांदा लावण्यापूर्वी राजपत्र वाचा

परवा आमच्या तालुक्याला शेतकरी मेळावा झाला. स्टेजवरचे पाहुणे साहेब म्हणाले, "शेतकऱ्यांनी बाजाराचा अभ्यास करायला शिकलं पाहिजे." पुढच्या दोन रांगांनी टाळ्या वाजवल्या. त्या रांगांत कांदावाला कुणी नव्हता. आम्ही मागे होतो, जेवणाच्या कूपनची वाट बघत.

तर साहेबांचा मान राखून अभ्यास केला. यंदा नव्याने कांदा लावणाऱ्या बंधू-भगिनींनी लाभ घ्यावा.

सगळ्यात आधी पाऊस, धुकं, करपा यांची काळजी सोडा. करप्याला औषध मिळतं, अधिसूचनेला मिळत नाही. निर्यातबंदीची अधिसूचना काढणाऱ्या परकीय व्यापार महासंचालनालयाचं संकेतस्थळ सकाळी मोटार चालू करायच्या आधी उघडा. रात्री झोपताना पुन्हा एकदा उघडा.

1955 चा जीवनावश्यक वस्तू कायदा घरात फ्रेम करून लावा. त्याचा अर्थ सोपा आहे. कांदा चढला की तो जीवनावश्यक, पडला की तुमचा खासगी प्रश्न. फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूरच्या बाजारात 512 किलो कांदा विकून एका शेतकऱ्याच्या हातात दोन रुपयांचा चेक पडला. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता उरले तेवढे! तेव्हा दिल्लीत कुणाचंही जीवन अडलं नाही. त्याच वर्षी भाव जरा वर सरकले आणि 19 ऑगस्टला निर्यातीवर 40 टक्के शुल्क बसलं. तेवढ्याने भागेना म्हणून 28 ऑक्टोबरला टनाला 800 डॉलरची किमान निर्यात किंमत आली, म्हणजे त्याखाली कांदा बाहेर पाठवायचाच नाही. डिसेंबरात सरळ बंदीच.

कायदा बदलला म्हणून कुणी पेढे वाटले तर खाऊन घ्या, पण विश्वास ठेवू नका. 2020 आठवतंय ना? कांदा, बटाटा, डाळी, तेलबिया जीवनावश्यक यादीच्या जाचातून मोकळ्या करणारं विधेयक 14 सप्टेंबरला लोकसभेत मांडलं गेलं. शेतकरी आता स्वतंत्र झाला म्हणे. आणि त्याच दिवशी, हो, त्याच तारखेला, कांद्याच्या निर्यातीवर बंदीची अधिसूचना निघाली. बांगलादेशाच्या सीमेवर ट्रक उभे राहिले. ऑक्टोबरात साठ्यावर मर्यादा आली, घाऊक व्यापाऱ्याला 25 टन आणि किरकोळीला 2 टन. व्यापाऱ्याने साठवायचंच नाही म्हटल्यावर तो लिलावात बोली कशाला लावेल? पुढे तो धरून तिन्ही शेती कायदे मागे घेतले गेले, त्यावर दोन्ही बाजूंनी खूप भाषणं झाली. बंदीचा अधिकार मात्र होता तिथेच आहे. तो 1992 च्या परकीय व्यापार कायद्यात बसलाय, त्याला ना चर्चा लागते ना मतदान. एक पानी कागद निघतो आणि बाजार बसतो.

पांढरा कांदा लावा, आणि तोही गुजरातेत. एप्रिल 2024 मध्ये आमची निर्यात बंद असताना तिकडच्या 2000 टनांना परवानगी मिळाली होती.

अनुदान हवं असेल तर पीक येण्याआधी नेटवर्क येईल अशा बांधावर उभं राहायची सवय लावा. 2023 ला क्विंटलमागे 350 रुपये जाहीर झाले, 200 क्विंटलपर्यंत. सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी होती. ती नोंद करायचं ई-पीक पाहणीचं ॲप गोल गोल फिरत बसतं, हे तुम्हाला काय सांगायचं.

आणि लाल कांदा घेऊन बाजार समितीत जाणार असाल तर घरून भाकरी बांधून न्या. 2023 च्या डिसेंबरात बंदी आली त्या सकाळी माझा ट्रॅक्टर लाईनीत होता. आदल्या रात्री ज्या भावाचा हिशेब धरून माल भरला, तो भाव रात्रीतून गेला होता. व्यापारी मोबाइल बघत उभे, पुकारा होईना. मग लिलाव बंद. आता लाल कांदा म्हणजे काही टिकणारा उन्हाळ कांदा नव्हे की नेऊन साठवणीच्या चाळीत टाकला. त्यात पाणी असतं, आठवडा-दोन आठवड्यांत हातात चिकट येतो, वास सुटतो. परत न्यायचा तर भाडं, ठेवायचा तर सड. साहेब, याचा कोणता अभ्यास करायचा होता सांगा ना! कोणत्या पुस्तकात लिहिलं होतं की 7 डिसेंबरला कागद निघणार?

बंदी 31 मार्चपर्यंतच आहे म्हणाले होते. मार्च आला आणि "पुढील आदेशापर्यंत" झालं. उठली कधी? 4 मे 2024 ला. आमच्या दिंडोरी-नाशिकचं लोकसभेचं मतदान 20 मेला होतं. बंदी उठली तीही टनाला 550 डॉलरची किमान किंमत आणि 40 टक्के शुल्क लावूनच. मतपेटीत काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. शुल्क पूर्ण जायला मात्र 1 एप्रिल 2025 उजाडला. तोवर आमची गिऱ्हाइकं दुसऱ्या देशांच्या मालावर गेलेली.

बास. थट्टा पुरे.

ग्राहकाला स्वस्त खाऊ घालायचंय ना, जरूर घाला. त्याचे पैसे तिजोरीतून द्या, माझ्या विक्रीच्या पट्टीतून कापू नका. हमीभावाच्या यादीत कांदा नाही, पण भाव पाडायच्या यादीत पहिला. साठवणूक करा म्हणता आणि साठवला की साठेबाज म्हणता. बंदी घालायचीच असेल तर लावणीच्या आधी सांगा. मका लावू, सोयाबीन लावू, काहीही लावू, पण सहा महिने पाणी भरून घेतल्यावर मधेच दार लावू नका. आणि मेळाव्याला टाळ्या वाजवणाऱ्या पुढाऱ्यांनो, अधिसूचना निघते त्या दिवशी तुमचे फोन बंद का असतात? दिल्लीत तोंड उघडायला लाज वाटते का? आमच्या मतांवर गेलात ना तिथे?