जोसेटची उडी संथ नाहीच!
'डार्क शॅडोज' या जुन्या अमेरिकन भयमालिकेतलं १७९५ सालात घडणारं कथानक संथ आहे, हे लेखातलं मत मला अजिबात पटलं नाही. विडोज हिल या कड्यावरचा भाग काल रात्री पुन्हा पाहिला. चेटकीण अँजेलिक जोसेटला तिचंच पुढचं रूप दाखवते, रक्तपिपासू झालेलं. मग रक्तपिपासू झालेला तिचा प्रियकर बार्नबस येतो, आणि ज्याच्यावर जीव जडला त्यालाच घाबरून ती कड्यावरून उडी घेते. जोसेट झालेल्या कॅथरिन ली स्कॉटचे ते डोळे! प्रेम आणि धास्ती एकाच वेळी. जोसेट कड्यावरून पडून मेली, हे मालिकेत १९६६पासूनच सांगितलेलं. तरी पोटात गोळा आला. आठवड्याला पाच भाग, रिटेक जवळजवळ नाहीतच, कडा स्टुडिओत उभारलेला. तरी तिथून बार्नबस झालेला जोनाथन फ्रिड खाली पाहतो तेव्हा मला रडू आवरलं नाही.