शनाँसोचा 'सरळ व्यवहार' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार 'एक वाचक',

तुमचं म्हणणं आधी इतरांसाठी सांगतो. फ्रान्समधल्या शनाँसो महालावरच्या लेखात मी लिहिलं की राणी कॅथरीन द मेदिचीने नवऱ्याच्या प्रेयसीला, डिआन द प्वातिएला, तिथून हुसकावलं. तुमच्या मते राणीने बदल्यात शोमाँचा महाल दिला, म्हणजे व्यवहार सरळ होता आणि मी 'इतिहासाची दुपारची मालिका' करून टाकली. शिवाय बोइए, द्युपँ, मेनिए या आधीच्या-नंतरच्या मालकांना न्याय दिला नाही, वगैरे.

मतभेद असू द्या हो. पण हा शेरा कशाला? नाव लपवून टोमणे मारायला काय लागतं? मी रात्री जागून लिहितो, कुणाकडून छदाम घेत नाही.

आता तुमचा सरळ व्यवहार बघू. १५४७ मध्ये कॅथरीनच्या नवऱ्याने, राजा दुसऱ्या आँरीने, शनाँसो डिआनला दिला. राजाची देणगी उद्या कुणीही उलटवेल हे बाई ओळखून होती, म्हणून कोर्टकचेऱ्या करून १५५५ मध्ये तिने मालकी पक्की केली. बाग केली, वास्तुकार फिलिबेर द लॉर्मकडून शेर नदीवर पूल बांधवला. जुलै १५५९ मध्ये भाल्यांच्या खेळात जखमी झालेला राजा गेला आणि तिचा आधारच संपला. गादीवर कॅथरीनचा मुलगा. अशा वेळी समोरची बाई 'हो' म्हणाली, ती काय राजीखुशीने? शोमाँत ती रमलीही नाही. आने इथल्या आपल्या महालात जाऊन राहिली, १५६६ मध्ये तिथेच वारली. इकडे कॅथरीनने डिआनच्याच पुलावर साठ मीटर लांब दोन मजली दालन चढवलं!

आणि अदलाबदल म्हणजे काय ते मला सांगू नका. आमच्या आजीने वाड्यातला हिस्सा सोडून गावाबाहेरचं माळरान घेतलं. स्टॅम्पपेपरवर 'राजीखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय' असं स्वच्छ लिहिलंय. खाली तिचा अंगठा आहे, एका बाजूला फरकटलेला. मनगट कुणी धरलं होतं, ते तिने आम्हा नातवंडांना सांगितलंय. तुम्ही बहुधा अशा कागदाच्या दुसऱ्या बाजूला बसणाऱ्यांपैकी असाल.

मेनिएंना एकच ओळ मिळाली, हे मान्य. चॉकलेटवाले म्हणून पटकन उरकले. पहिल्या महायुद्धात त्यांनी त्याच दालनात जखमी सैनिकांसाठी रुग्णालय चालवलं, ते यायला हवं होतं. घ्या, हा मुद्दा तुमचा.

बोइएंचं मात्र ऐकून घेणार नाही. १५३५ मध्ये सरकारी थकबाकीपोटी त्यांचा महाल राजा पहिल्या फ्रान्स्वाकडे गेला, हे लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात आहे. वाचलं असतंत तर दिसलं असतं. द्युपँबाईंवर वेगळं लिहायचं मनात आहे, तुम्ही ते वाचलंच पाहिजे असं नाही.

तुमची प्रतिक्रिया काढत नाही, राहू दे. पुढच्या वेळी नावानिशी लिहा.