एक रविवार पुरत नाही

‘आवड असली की झालं, एक रविवार दिला तरी पुरे’ हे तळी आणि पाणथळ जागा जपण्याच्या कामात नवख्यांनी स्वयंसेवक किंवा इंटर्न म्हणून कसं उतरावं, यावरच्या लेखातलं वाक्य खटकलं. आम्ही एका तळ्यातली जलपर्णी काढायला घेतली तेव्हा पहिल्या दिवशी 40 जण होते, तिसऱ्या आठवड्यात उरलो 6. पोषक पाणी आणि उबदार हवा मिळाली की ही वनस्पती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते, आणि तिचं बी गाळात 15 वर्षांहून जास्त टिकतं. त्यात काढलेला ढीग आम्ही काठालाच रचला. पाणी चढलं आणि सगळा परत आत! तो काठापासून लांब न्यायचा असतो, एवढं सांगणारं अनुभवी माणूसही सोबत नव्हतं. नवख्यांना बोलवा, जरूर बोलवा, पण हंगामभर येणारे पाच-सहा जण आधी जोडा.

इंटर्नशिपबद्दल मात्र लेख फारच हात राखून बोलतो. बिनपगारी सहा महिने कुणाला परवडतात? मासेमारी करणाऱ्या घरातल्या मुलांना पाणी कधी उतरतं, पक्षी कुठे घरटी करतात हे लहानपणापासून ठाऊक असतं, आणि नेमकी तीच इथे गळतात. पक्षीगणना, पाण्याचे नमुने घेणं, नोंदी ठेवणं हे कौशल्याचं काम आहे. त्याचे पैसे मिळायलाच हवेत.