साडेअकरा लिटर

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण ज्या गावानं कमावली, तिथं स्पीकरची पेटी घरी करायला काढली तर कुणी अडवत नाही.

आठ इंची वूफर हाताशी होता. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील या इंजिनिअरनं १९६१ साली अशा पेट्यांचं गणित मांडून ठेवलंय. त्याच्या जोरावर दोन रात्री जागून आकडे काढले. आत ४० लिटर हवा, पुढं एक नळी. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकलं की ‘हूं’ वाजतं ना, तशी ही नळी ४० हर्ट्झला घुमणार.

नळीसाठी मोंढ्यात गेलो. ७५ एमएमचा पाइप मागितला. दुकानदारानं वही उघडली.

“किती एकराला?”

“तेरा सेंटिमीटर.”

त्यानं वही मिटली.

सुतारमामांना कागद दिला : ४० × ३३.३ × ३० सेंटिमीटर. मामांनी कानावरची पेन्सिल काढून सगळं इंच-सुतात उतरवून घेतलं. पेटी आली ती देखणी. १८ एमएमचा प्लाय, कोपऱ्यात नख शिरणार नाही असे सांधे. आईनं टिचकी मारून विचारलं, “ह्यात जवारी किती बसंल?” मी सहज आत टेप घातला. ३६.४, २९.७, २६.४. म्हणजे साडेअठ्ठावीस लिटर! दूधवालासुद्धा मापात इतकं मारत नाही.

“मामा, साडेअकरा लिटर गेलं कुठं?”

“पेटीचं माप भायरूनच घेतेत, सर. आत काय ठिवायलाव असं?”

“हवा.”

मामांनी आईकडं बघितलं. आईनं पदर सावरला.

हवा कमी झाली की सूर चढतो. चाळीसचे सत्तेचाळीस हर्ट्झ होतात. तो उतरवायचा तर नळी लांबवायची, वीस सेंटिमीटर. पुन्हा मोंढा.

“क्षेत्र वाढलं वाटतं,” दुकानदार म्हणाला.

जुन्या गादीतला कापूस आतून भिंतींना लावला, वूफर आवळला, तबल्याचं रेकॉर्डिंग लावलं. डग्ग्यावर थाप पडली तशी मांडणीवरचे पेले किणकिणले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, थोडा वेळ ऐकलं आणि पेले खाली काढून ठेवले. बास, मला एवढंच हवं होतं.

मग जोडीची दुसरी पेटी आणायला गेलो. मामा एकदम खुशीत.

“ह्या टायमाला आतूनच माप धरलंय, सर, तुमच्या मनासारखं. बरोब्बर चाळीस लिटर. पायजे तर पाणी भरून बघा!”