फुकटचा सल्ला आणि तारापूरचं कापड

‘सरकारी खर्चाने कारखान्यांना मॅनेजमेंट सल्लागार देणं म्हणजे उधळपट्टी. सल्ल्यात दम असता तर मालकाने खिशातून पैसे मोजले असते. सल्लागाराची पाठ वळली की पहिले पाढे पंचावन्न. आणि सुधारणा म्हणजे शेवटी कामगारकपातच.’ हा युक्तिवाद सध्या जोरात फिरतोय.

पहिला मुद्दा बिनतोड वाटतो खरा. पण अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी २००८ पासून तारापूर-उंबरगावच्या विणकाम कारखान्यांत हे करूनच पाहिलं. चिठ्ठी टाकल्यासारख्या निवडलेल्या काही कारखान्यांना पाच महिने फुकट सल्लागार दिले, बाकीच्यांची फक्त महिनाभर पाहणी केली. आधीची स्थिती काय होती? जवळपास पाचवा हिस्सा माणसं कापडातले दोष शोधून दुरुस्त करण्यात अडकलेली. पण कुठल्या मागावर कसला दोष वारंवार येतो, याची धड नोंद नाही. मालकांच्या मते माल उत्तमच होता, कारण शेजाऱ्याचाही तसाच! मग सल्ल्याला पैसे कोण मोजणार? दोषांची रोज मागवार नोंद, त्यावर रोजची बैठक, मागांची वेळच्या वेळी देखभाल, गोदामात सुताचा हिशेब अशी साधी कामं सुरू झाली, आणि वर्षभरात उत्पादकता १७ टक्के वाढली. नमुना १७ कंपन्यांचाच होता, हे मान्य.

‘पहिले पाढे’ म्हणाल, तर अर्धं खरं आहे. २०१७ मध्ये संशोधक परत गेले तेव्हा निम्म्या पद्धती बंद पडल्या होत्या. मॅनेजर बदलले, मालकांना वेळ उरला नाही. तरीही सल्ला न मिळालेल्यांपेक्षा हे कारखाने बरेच पुढे होते, आणि त्याच मालकांच्या दुसऱ्या कारखान्यांतही या पद्धती पोचल्या होत्या.

कामगारकपातीचं म्हणाल, तर मेक्सिकोच्या पुएब्लात छोट्या-मध्यम उद्योगांना (सगळे कारखाने नव्हेत) वर्षभर सवलतीत सल्लागार दिले. पुढच्या काही वर्षांत तिथली रोजगारसंख्या वाढली.

राहिला खर्च. तिथे टीकाकारांनी नेमकं बोट ठेवायला हवं होतं, ते ठेवलंच नाही. तारापूरच्या पद्धती शेजारच्या कंपन्यांत फारशा पसरल्या नाहीत. म्हणजे सल्ला एकेकाला दिला, तर लाभही बहुतेक त्याच्यापुरताच. कोलंबियात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्यांना गटागटाने सल्ला दिला. खर्च सुमारे एक तृतीयांश, सुधारणा जवळपास तेवढीच. आपल्या एमएसएमई लीन योजनेत (छोट्या-मध्यम उद्योगांना कामातली नासाडी कमी करायला मदत करणारी योजना) ९० टक्के खर्च केंद्र उचलतं. वाद घालायचाच तर त्या पैशात किती कारखान्यांना सल्ला देता येईल, यावर घाला.