तीन गोळ्यांच्या पट्टीचा मेसेज

चवथ झाली की डिचोलीतल्या माझ्या फार्मसीत खोकल्याची गर्दी वाढते. आरत्या-भजनांनी घसे बसलेले, त्यात पावसाची ओल. यंदा मात्र जो येतो तो मोबाइल पुढे करून एकच मेसेज दाखवतो: "कफ हिरवा-पिवळा झाला म्हणजे छातीत जंतू उतरले. अमॉक्सिसिलिन जुनं झालं, आता लागू पडत नाही. अझिथ्रोमायसिन 500 च्या तीन गोळ्या घ्या, डॉक्टरकडे जायला नको. उतार पडला नाही तर लिवोफ्लॉक्सासिन." चारही सल्ले चुकीचे आहेत, आणि भजनी मंडळांच्या ग्रुपवरून ते घराघरांत पोचलेत.

आधी कफाचा रंग. हिरवेपणा जंतूंचा नसतो. आपल्याच पांढऱ्या पेशींत हिरवट रंगाचं एक एन्झाइम असतं, ते कफात उतरतं. विषाणूंशी झुंजतानाही तसंच होतं, आणि साधा ब्राँकायटिस, म्हणजे श्वासनलिकांची सूज, बहुतेक वेळा विषाणूंचाच असतो; त्यावर मेसेजमधली ही अँटिबायोटिक औषधं चालत नाहीत. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. शिकागोत ब्राँकायटिसच्या 220 रुग्णांवर चाचणी झाली होती, तिचे निष्कर्ष 2002 साली आले. साधारण निम्म्यांना अझिथ्रोमायसिन दिलं, बाकीच्यांना व्हिटॅमिन सी. सातव्या दिवशी दोन्हीकडचे 89 टक्के लोक आपापल्या कामाला लागले होते. काउंटरवर मी हे सांगते तेव्हा बरेच जण विचारात पडतात.

अमॉक्सिसिलिन जुनं आहे हे खरं, पण ते निकामी झालेलं नाही. छातीच्या संसर्गात अझिथ्रोमायसिनची अमॉक्सिसिलिनशी किंवा त्याच्या क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडवाल्या जोडगोळीशी थेट तुलना करणाऱ्या 16 चाचण्या, 2648 रुग्ण, कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्या पडताळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्यात एकत्र तपासले गेले. गुण येण्यात अझिथ्रोमायसिन सरस ठरलं नाही. त्याचे दुष्परिणाम कमी दिसले, हेही सांगायला हवं. आणि त्यातल्या बऱ्याच चाचण्यांचा दर्जा बेताचा होता. मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूला तर पेशीभित्तीच नसते, आणि अमॉक्सिसिलिन भित्तीवरच घाव घालतं. तिथे अझिथ्रोमायसिनसारखंच औषध लागतं. म्हणजे कोणतं औषध जोरकस हा प्रश्नच नाही, आजार कोणता हे आधी कळायला हवं. न्यूमोनियाची शंका नसेल तर अमॉक्सिसिलिनही फारसं कामाचं नाही: 2013 साली प्रसिद्ध झालेल्या, युरोपातल्या 12 देशांतल्या 2061 रुग्णांच्या चाचणीत ते घेतल्याने त्रासाचे दिवस म्हणावे तसे कमी झाले नाहीत.

तीन गोळ्यांनी काही बिघडत नाही, असं समजू नका. हे औषध शेवटच्या गोळीनंतरही कित्येक दिवस अंगात राहतं आणि त्या उरलेल्या अंशावर जंतू निर्ढावतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 पासून अमॉक्सिसिलिन पहिल्या पसंतीच्या गटात ठेवलंय, अझिथ्रोमायसिन जपून वापरायच्या. 2013 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अझिथ्रोमायसिनमुळे हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात असा इशारा दिला. घरात हृदयाच्या गोळ्या घेणारे आजी-आजोबा असतील तर हे लक्षात ठेवा.

सगळ्यात जास्त राग मला लिवोफ्लॉक्सासिनच्या सल्ल्याचा येतो. ते क्षयाला अर्धवट दाबतं. माणसाला बरं वाटतं, निदान लांबतं, तोवर घरातल्यांना लागण होते. शिवाय नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर हेच औषध हाताशी लागतं. ते शेड्यूल एच-1 मध्ये आहे. प्रिस्क्रिप्शनशिवाय मी देऊ शकत नाही आणि दिल्यावर वेगळ्या वहीत नोंद ठेवावी लागते. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर सरकारी आरोग्य केंद्रात थुंकी फुकट तपासतात, तिथे जा. शेतातल्या चिखलात काम करणाऱ्या मधुमेही माणसाला पावसाळ्यात मेलिओइडोसिस हा मातीतल्या जंतूंचा गंभीर आजारही होऊ शकतो. तो अझिथ्रोमायसिनला दाद देत नाही.

गेल्या आठवड्यात सत्तरी ओलांडलेले एक काका हाच मेसेज दाखवून पट्टी मागत होते. "ताप नाही गं, नुसता कफ," म्हणाले. पण एवढं बोलतानाही मध्येच थांबले. मी त्यांना स्टुलावर बसवलं, शर्टाच्या बटणांकडे बघत घड्याळ लावून श्वास मोजले: मिनिटाला 34. मोठ्या माणसाचा श्वास 30 वर गेला की थांबायचं नसतं, आणि म्हातारपणी न्यूमोनियात ताप येईलच असं नाही. पट्टी कपाटात ठेवली, त्यांच्या मुलाला फोन लावला. आरोग्य केंद्रातून त्यांना थेट बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. एक्स-रेत उजव्या बाजूला न्यूमोनिया निघाला.