अर्जातले तास खरे लिहा

अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज करणारी बारावीची मुलं आता सांगली-साताऱ्यातही दिसतात. आपल्याकडे इंजिनिअरिंगला सीईटीचे मार्क आणि कॅप राउंड, बाकी काही कुणी विचारत नाही. म्हणून कॉमन ॲपमधला (तिथल्या अनेक कॉलेजांना एकाच वेळी चालणारा ऑनलाइन अर्ज) ॲक्टिव्हिटीजचा, म्हणजे अभ्यासाबाहेरच्या कामांचा भाग उघडला की घरचे बिचकतात, आणि कुणीतरी सुचवतं, ‘संस्था काढली असं लिहून टाका.’ कृपा करून असलं काही लिहू नका.

जागा दहा कामांना असते. पदासाठी ५० अक्षरं, वर्णनाला १५०, त्यात मोकळी जागाही मोजली जाते. शिवाय आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे. खोटं इथेच पकडलं जातं. आठवड्याचे तास १६८. झोपेचे ५६, कॉलेज आणि क्लासचे ५४ धरा. उरले ५८, त्यातच जेवण, एसटीचा प्रवास आणि अभ्यास. दहा कामांना प्रत्येकी ८ तास लिहिले की ८० झाले! मंडळाचं काम गणपतीपुरतं असेल तर ‘२० तास, ३ आठवडे’ लिहा, म्हणजे वर्षाचे ६०. तेच ५२ आठवडे लिहिलं तर १०४० होतात, आणि वाचणाऱ्याचा बाकीच्या नऊ कामांवरचाही विश्वास उडतो. एनएसएसचे वर्षाचे १२० तास ३० आठवड्यांत वाटले तर आठवड्याला ४ येतात. तेवढेच लिहा, चार तास काही कमी नाहीत.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते खरं काम लपवलं जातं याचं. तासगावकडची एखादी मुलगी ऑक्टोबर छाटणीपासून द्राक्षबागेतल्या मजुरांची हजेरी आणि फवारणीचा हिशोब ठेवते, पण ‘हे काय लिहायचं’ म्हणून सोडून देते. ॲक्टिव्हिटीजच्या त्याच भागात घरची जबाबदारी आणि पगारी काम असे वेगळे प्रकार दिलेले आहेत. किती एकर, किती मजूर, हिशोब कुणाला दाखवायची, एवढं १५० अक्षरांत बसतं.

पडताळणी होत नाही, असं समजू नका. शिक्षकांची शिफारसपत्रं वेगळी जातात. आपल्या बऱ्याच ज्युनिअर कॉलेजांत समुपदेशक नसतो, मग अर्जासोबत जाणारा शाळेचा अहवाल प्राचार्य किंवा वर्गशिक्षक भरतात, आणि त्यांना तुमची ‘संस्था’ माहीतच नसते. कॅलिफोर्निया विद्यापीठाची अर्जपद्धत वेगळी आहे. तिथे काही अर्ज निवडून थेट पुरावे मागवतात. माहिती खरी आहे यावर सही तुमची असते, आणि खोटं निघालं तर मिळालेला प्रवेशही रद्द होतो. २०१९ मध्ये उघड झालेल्या अमेरिकेतल्या प्रवेश घोटाळ्यात लाच देऊन मुलांना खोटंच खेळाडू दाखवलं होतं. त्यात पालक तुरुंगात गेले.

अकरावीपासून एक वही ठेवा: तारीख, तास, काय केलं, कोण सोबत होतं. वही नसेल तर जुने फोटो आणि व्हॉट्सॲपवरचे निरोप काढून तारखा जुळवा, कामावर देखरेख करणाऱ्याला विचारा. आकडा चार की पाच असा अडला, तर चार लिहा.